पंचवीस अंशांचा उतार

काशीच्या मानमंदिर घाटावरील राजवाड्याच्या गच्चीत चुन्या-दगडाची एक तिरपी भिंत आहे. लांबी छत्तीस फुटांच्या आसपास. दक्षिणेकडून उत्तरेकडे ती चढत जाते आणि तिच्या पाठीवरून पायऱ्या वर जातात. ती आकाशातल्या ध्रुवाकडे रोखलेली आहे, म्हणून तिचा चढ काशीच्या अक्षांशाएवढा, सुमारे सव्वापंचवीस अंशांचा ठरवलेला होता. आजकाल काशीत कुणी घरावर सोलर बसवायला निघाले, की मिस्त्री मोबाइलमध्ये पाहून सांगतो, "दक्षिणेला तोंड, पंचवीस अंश." दक्षिणेकडे तोंड करून पंचवीस अंशांत ठेवलेले पॅनेलही उत्तरेकडे तेवढेच चढते. भिंत आणि पॅनेल दोन्ही पृथ्वीच्या अक्षाला समांतर असतात. मधल्या पावणेतीनशे वर्षांत त्या उतारावर ऊन तसेच पडत राहिले. बदलले ते आपण त्याच्याकडे काय मागतो हे. पूर्वी आपण त्याला वेळ विचारत होतो, आता वीज मागतो आहोत. या बदलाची हकीकत मला काशीतून सांगायची आहे, कारण तिच्यात मराठी माणसांचा वाटा मोठा आहे आणि तिचा शेवट अजून आमच्यासारख्या घरांच्या गच्च्यांवर अडकलेला आहे.

मानमंदिराचा वाडा आमेरच्या राजा मानसिंगाने १६०० च्या सुमारास बांधला. त्याच्या गच्चीवर यंत्रे उभारली सवाई जयसिंगाने, साधारण १७३७ मध्ये. दिल्ली, जयपूर, उज्जैन आणि मथुरा येथेही त्याने वेधशाळा बांधल्या. मथुरेची आता शिल्लक नाही. पितळेची यंत्रे लहान असतात, झिजतात आणि त्यांचे आस हलतात, हा त्याचा अनुभव. म्हणून त्याने दगड-चुन्याची मोठी, न हलणारी यंत्रे पसंत केली. या उद्योगात त्याच्या शेजारी बसलेला मुख्य पंडित महाराष्ट्रीय होता. जगन्नाथ सम्राट हे त्याचे नाव. जयसिंगाच्या सांगण्यावरून तो अरबी व फारसी शिकला, टॉलेमीचा ग्रंथ अरबीतून घेऊन त्याने 'सिद्धान्तसम्राट' रचला आणि युक्लिडची भूमिती 'रेखागणित' या नावाने संस्कृतात आणली. काशीच्या तिरप्या भिंतीला आपण 'सम्राट यंत्र' म्हणतो. त्या नावात यंत्रांचा राजा हा अर्थ तर आहेच, पण मराठी वाचकाला तिथे जगन्नाथपंतही आठवावेत.

यंत्र चालते कसे, हे नीट समजून घेण्यासारखे आहे. मधली भिंत अक्षाला समांतर असल्यामुळे सूर्य दिवसभर तिच्याभोवती जवळपास समान वेगाने फिरतो. तिच्या दोन्ही अंगांना वर्तुळाच्या तुकड्यासारखे दगडी चाप आहेत. सकाळी सावली पश्चिमेच्या चापावर पडते, दुपारनंतर पूर्वेच्या. चापावर घटी-पळांच्या खुणा कोरलेल्या असतात. सावलीची कड जिथे टेकते तिथे वेळ वाचायची. येथे सावली हा अडथळा नसून तीच मोजमाप आहे. पॅनेलच्या बाबतीत नेमके उलट होते. पॅनेलमधले सेल एकामागोमाग एक, माळेसारखे जोडलेले असतात. एका कोपऱ्यावर टाकीची सावली पडली, तर तेवढाच कोपरा मंदावत नाही, त्या माळेचा सगळा प्रवाह अडतो. म्हणून पॅनेलच्या मागे डायोड बसवून सावलीतला भाग वळसा घालून टाळतात, किंवा प्रत्येक पॅनेलला स्वतंत्र छोटा इन्व्हर्टर लावतात. तरी पहिला उपाय जुनाच: सावली कुठे आणि किती वाजता येते ते आधी मोजून ठेवणे.

सर रॉबर्ट बार्करने १७७२ मध्ये ही वेधशाळा पाहिली आणि १७७७ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात तिचे वर्णन छापले. त्यानंतर युरोपात मानमंदिराचे कौतुक सुरू झाले. पण यंत्रे प्रत्यक्ष समजावून सांगण्याचे काम पुन्हा एका मराठी माणसाकडे आले. बापूदेव शास्त्री, जन्म पुण्याचा, १८२१ चा. नागपुरात शिकत असताना लान्सलॉट विल्किन्सनच्या नजरेत हा मुलगा भरला आणि तो त्याला सिहोरला घेऊन गेला. १८४२ मध्ये बापूदेव काशीच्या सरकारी संस्कृत कॉलेजात गणित-ज्योतिष शिकवू लागले. १७९१ मध्ये जोनाथन डंकनने काढलेली ही पाठशाळा म्हणजे आजचे संपूर्णानंद संस्कृत विश्वविद्यालय. १८६१ मध्ये त्यांचे 'सूर्यसिद्धान्ता'चे इंग्रजी भाषांतर आले. मानमंदिरातल्या यंत्रांवर त्यांनी स्वतंत्र पुस्तिका लिहिली; प्रत्येक भिंतीची लांबी-उंची फूट-इंचांत देऊन यंत्र कशासाठी आणि कसे वापरायचे ते सांगितले. पुढे त्यांनी वेधाशी जुळणारे, म्हणजे आकाशात दिसते त्याच्याशी ताळा पटणारे पंचांग काढायला सुरुवात केली. ग्रंथात लिहिलेला सूर्य आणि डोक्यावरचा सूर्य यांत फरक पडला, तर डोक्यावरच्या सूर्याचे ऐकायचे, हा त्यांचा आग्रह. काशीसारख्या गावात तो सोपा नव्हता. घरावर सोलर बसवणाऱ्यालाही हाच आग्रह उपयोगी पडतो. दुकानदाराच्या कागदावरचे उत्पादन निराळे आणि आपल्या गच्चीवरचे निराळे.

बापूदेव काशीत सूर्याचे गणित शिकवत होते, त्याच काळात मुंबईत एक गृहस्थ सूर्याला कामाला लावत होता. विल्यम ॲडम्स मुंबई हायकोर्टात नोकरीला होता. त्याने कुलाब्याला सपाट आरशांच्या रांगा अर्धवर्तुळात मांडून त्यांचे ऊन एका बॉयलरवर एकवटले आणि अडीच अश्वशक्तीचे वाफेचे इंजिन चालवले. सौर चुलीवर, तेही जानेवारीत, त्याने सात सैनिकांचे जेवण दोन तासांत शिजवून दाखवले. १८७८ मध्ये मुंबईत छापलेल्या पुस्तकात त्याचा मुद्दा साधा होता: या देशात कोळसा महाग आहे, लाकूड संपत चालले आहे आणि ऊन फुकट आहे. पण रेल्वे वाढली, खाणी वाढल्या, कोळसा स्वस्त झाला आणि ॲडम्सची चूल विस्मरणात गेली.

विजेची वाट निराळी होती. उजेड पडल्यावर काही पदार्थांत विद्युतदाब निर्माण होतो, हे फ्रान्समध्ये एडमंड बेकरेलने १८३९ मध्येच पाहिले होते. उपयोगी पडेल असा सिलिकॉनचा सेल मात्र एप्रिल १९५४ मध्ये अमेरिकेच्या बेल प्रयोगशाळेत आला. पडलेल्या उन्हापैकी सहा टक्क्यांची तो वीज करीत असे. चार वर्षांनी हे सेल व्हॅन्गार्ड उपग्रहावर चढले. भारतात साहिबाबादच्या सेंट्रल इलेक्ट्रॉनिक्स या सरकारी कंपनीने १९७७ मध्ये पहिला सेल आणि १९७८ मध्ये पहिले पॅनेल केले. पुढची तीस वर्षे सौर वीज म्हणजे जिथे तारा पोचत नाहीत तिथली वीज असाच समज होता. जानेवारी २०१० च्या राष्ट्रीय सौर अभियानानंतर ती तारा असलेल्या गावांतही आली. आज बाजारात मिळणारे चांगले पॅनेल एकवीस-बावीस टक्के वीज काढते. सिलिकॉनवर पेरोव्स्काइट नावाच्या पदार्थाचा पातळ थर चढवून चीनच्या लोंगी कंपनीने नोव्हेंबर २०२३ मध्ये प्रयोगशाळेत ३३.९ टक्के गाठले. नुसत्या सिलिकॉनला सुमारे एकोणतीस टक्क्यांची सैद्धांतिक मर्यादा आहे. ती अशी ओलांडली गेली. मुंबईच्या आयआयटीतही या जोडथराच्या सेलवर काम चालू आहे. अडचण टिकाऊपणाची आहे. सिलिकॉनचे पॅनेल पंचवीस वर्षे ऊनपाऊस सोसते. नव्या थराला ओल आणि उष्णता सोसत नाही. काशीचे ज्येष्ठातले ऊन आणि श्रावणातली दमट हवा ज्याने सोसली, तोच थर आमच्या कामाचा.

खुद्द काशीच्या परिसरात सौर विजेच्या खुणा आता जागोजाग दिसतात. १२ मार्च २०१८ रोजी शेजारच्या मिर्झापूर जिल्ह्यात दादर कलां येथे ७५ मेगावॉटच्या प्रकल्पाचे उद्घाटन भारताच्या पंतप्रधानांनी व फ्रान्सच्या राष्ट्राध्यक्षांनी केले. बनारस रेल्वे इंजिन कारखान्यात ऑगस्ट २०२५ मध्ये रुळांच्या मधल्या जागेत सत्तर मीटरपर्यंत अठ्ठावीस पॅनेल बसवली गेली, एकूण पंधरा किलोवॉट. दुरुस्तीच्या वेळी उचलून बाजूला ठेवता येतील अशी. डिझेल इंजिने बांधण्यासाठी उभारलेल्या कारखान्याच्या अंगणात हे घडावे, हेही काळाचे एक माप आहे. पक्क्या महालातल्या गल्ल्यांवर लोंबणाऱ्या विजेच्या तारांची जाळी २०१५ नंतरच्या योजनेत जमिनीखाली गेली. ज्यांनी त्या गल्ल्या आधी पाहिल्या आहेत, त्यांना आता वर मान करून आकाशाची चिंचोळी पट्टी दिसते तेव्हा नवल वाटते.

पण घरगुती वीज गल्लीतल्या पट्टीवर होत नाही, तिला गच्ची लागते. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्राने प्रधानमंत्री सूर्यघर योजना सुरू केली. एक कोटी घरांचे उद्दिष्ट ठेवले. पहिल्या दोन किलोवॉटना प्रत्येकी तीस हजार, तिसऱ्याला अठरा हजार, म्हणजे तीन किलोवॉटला अठ्ठ्याहत्तर हजारांचे अनुदान. उत्तर प्रदेश सरकार वर तीस हजारांपर्यंत देते. आकडे ऐकून आमच्या ब्रह्माघाटाजवळच्या घरातही हा विषय निघाला.

आमचे घर काशीतल्या जुन्या मराठी घरांसारखे आहे. दुर्गाघाट, ब्रह्माघाट, पंचगंगा या पट्ट्यात पेशवाईपासून आपली माणसे वसली. नाना फडणविसांचा वाडाही इथेच. घरे दगडी, भिंती एकमेकींना टेकलेल्या, जिने अंधारे. आमच्या घरात तीन चुली आणि तीन मीटर आहेत, गच्ची मात्र एक. घरपट्टी अजून आजोबांच्या नावाने येते. चुलतभाऊ इंदूरला, आत्याची मुले पुण्याला, आणि खाली तीस वर्षे भाड्याने राहणारे एक शिक्षक.

मी इतिहासाचा विद्यार्थी, पण हिशेबाचे काम माझ्याकडे आले. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात, सूर्य सर्वांत खाली असतो तेव्हा, गच्चीवर खडूने सावल्यांच्या खुणा केल्या. दक्षिणेच्या शेजाऱ्यांची भिंत आमच्या गच्चीहून दहा फूट उंच आहे. काशीत त्या दिवसांत दुपारी सूर्य एक्केचाळीस अंशांवर असतो, म्हणून भर दुपारी तिची सावली साडेअकरा फूट पसरते. सकाळी नऊला सूर्य पंचविशीच्या आत असतो. तेव्हा सावली बावीस फूट लांब, पण तिरपी, वायव्येकडे जाते आणि सरळ उत्तरेकडे मोजली तर पंधरा फूट भरते. गच्ची दक्षिणोत्तर अठ्ठावीस फूट. म्हणजे उत्तरेचे तेरा फूट वर्षभर उघडे. तेरा गुणिले बावीस, सुमारे पावणेतीनशे चौरस फूट. एवढ्यात ५४० वॉटची सहा पॅनेल बसतात आणि मधून झाडू-पाण्याला वाटही राहते. किलोवॉटमागे दिवसाला सरासरी चार युनिट धरले, तर दिवसाचे तेरा युनिट. पौषातल्या धुक्यात हे निम्म्यावर येईल, चैत्रात वाढेल, आणि मेमधल्या कडक उन्हात अपेक्षेहून थोडे कमी भरेल, कारण सेल तापले की प्रत्येक अंशामागे तीन-चार दशांश टक्क्यांनी वीज घटते. पॅनेल गच्चीपासून फूटभर उचलून खालून वारा खेळता ठेवायचा तो याचसाठी. शिवाय काशीची माकडे. घाटावरच्या इंटरनेटच्या तारा कुरतडून त्यांनी नाव कमावले आहेच. म्हणून तारा लोखंडी नळीतून न्यायच्या.

मग प्रश्न आला बॅटरीचा. आमच्या घरात इन्व्हर्टर आहे, तसा काशीत घरोघरी असतो. त्याखालची शिसे-आम्लाची बॅटरी मुळात फ्रान्सच्या प्लांतेची, १८५९ ची. महिन्याकाठी तिला डिस्टिल्ड वॉटर पाजायचे आणि अर्ध्याहून जास्त उपसायचे नाही, नाहीतर ती लवकर मरते. १९९१ मध्ये सोनीने लिथियम-आयन बॅटरी बाजारात आणली. ज्या तिघांच्या कामावर ती उभी आहे, त्यांना २०१९ चे नोबेल मिळाले. त्यांतल्याच गुडइनफ यांच्या प्रयोगशाळेत १९९७ मध्ये लोह-फॉस्फेटची जात पुढे आली. ती सहसा पेट घेत नाही, ऐंशी-नव्वद टक्के उपसता येते आणि हजारो वेळा भरता येते. आज घरासाठी लिथियम घ्यायचे तर हीच. पुढची उमेदवार सोडियमची आहे. मिठातले सोडियम सगळीकडे आहे, लिथियम आपल्याला बाहेरून आणावे लागते. पुण्याच्या केपीआयटी कंपनीने डिसेंबर २०२३ मध्ये भारतात विकसित केलेले सोडियम-आयन तंत्र जाहीर केले. वजनाला ती जड पडते, पण घरातली बॅटरी कुठे प्रवासाला जायची आहे? आणि काशीपुरते आणखी एक नाव घेतलेच पाहिजे. काशी हिंदू विश्वविद्यालयातले भौतिकीचे प्राध्यापक ओंकारनाथ श्रीवास्तव यांनी हायड्रोजन धातूंच्या संयुगांत साठवून त्यावर दुचाकी आणि तीनचाकी चालवून दाखवल्या होत्या. २०१६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, २०२१ मध्ये ते गेले. उन्हाची साठवण कशात करायची, हा प्रश्न या गावात नवा नाही.

घरोघरच्या चर्चेत एक गोष्ट हमखास सुटते. अनुदानाचे साधे सोलर विजेच्या तारांशी जोडलेले असते आणि बाहेरची वीज गेली की तेही बंद पडते. दुरुस्तीला खांबावर चढलेल्या माणसाला आपल्या गच्चीवरच्या विजेचा धक्का बसू नये, म्हणून तसे मुद्दाम केलेले असते. वीज गेल्यावरही पंखा हवा असेल, तर बॅटरी आणि दोन्हीकडे चालणारा इन्व्हर्टर लागतो आणि खर्च वाढतो. आमचे ठरले ते असे: आधी पॅनेल आणि पुढे बॅटरी जोडता येईल असा इन्व्हर्टर, जुनी बॅटरी मरेपर्यंत तीच वापरायची.

एवढे सगळे गणित सुटले आणि गाडी अडली ती भलतीकडेच. अर्ज मीटरवर होतो आणि जोडणी एका मीटरला मिळते. गच्ची तिघांची. तळमजल्यावरचे काका म्हणाले, "ऊन कधी वाटणीपत्रात लिहिलं होतं का रे? पण लिहिलं नाही म्हणजे ते एकाचं झालं, असंही नाही." इंदूरच्या भावाला भीती ही, की आज पॅनेल बसली तर उद्या गच्चीवरचा त्याचा हक्क बुडेल. वहिनींना तिथे पापड-कुरडया वाळत घालायच्या असतात; उन्हाचा तो वापर ॲडम्सच्याही आधीचा आहे. खालच्या शिक्षकांचा तर बैठकीत उल्लेखच नव्हता. त्यांचे मीटर वेगळे, गच्ची नाही, म्हणून योजनाही नाही.

हा फक्त आमच्या घरचा तिढा नाही. जुन्या काशीत, तशाच पुण्याच्या पेठांत किंवा नाशिकच्या पंचवटीत, घरे एकत्र मालकीची आणि माणसे वेगळ्या चुलींची. योजना आखताना समोर धरलेले घर मात्र सुटे आहे: एक मालक, एक मीटर, एक गच्ची. वसाहतींच्या सामायिक वापरासाठी किलोवॉटमागे अठरा हजारांची तरतूद आहे, पण भाऊबंदांचा वाडा ही कुठल्या नियमातली वसाहत नव्हे. दिल्लीत २०१९ पासून एका ठिकाणची सौर वीज अनेक ग्राहकांच्या बिलांत वाटून देण्याचे नियम आहेत. पक्क्या महालासारख्या वस्तीला पॅनेलच्या नव्या थराहून या नियमाची गरज आधी आहे. तेहतीस टक्क्यांचे पॅनेल आले तरी ज्याच्या नावावर गच्ची नाही त्याच्या बिलात त्याने काही फरक पडणार नाही.

आम्ही तूर्त एका कागदावर आलो आहोत. जोडणी काकांच्या मीटरला. कारण ते कायम इथे राहतात. वाचलेल्या पैशाचे चार भाग. चौथा भाग शिक्षकांच्या भाड्यातून वजा. गच्चीवरचा कुणाचाही हक्क यामुळे कमी-जास्त होत नाही, हे वाक्य सर्वांत वर. दक्षिणेचा सावलीचा पट्टा फेब्रुवारीनंतर बराच मोकळा होतो आणि कुरडयांचा हंगाम तेव्हाच येतो, म्हणून तो वहिनींचा. वकिलांनी कागद वाचून विचारले की ही खडूची मापे यात कशाला? मी म्हटले, राहू द्या. इंदूरहून सही आली आहे. पुण्याच्या दोन बाकी आहेत.